घरांतल्या वस्तु : शँपेनचा पेला

गेल्या महिन्यांत अडकित्त्याची हकीकत सांगून झाल्यावर या महिन्यांत सांडशीकडे वळावें असा माझा बेत होता. परंतु वस्तु आपली पाळी येईपर्यंत थांबतातच असें नाहीं. कांहीं वस्तु वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून, पेटींत बसून, न बोलावतां घरीं येतात आणि मग त्यांची विचारपूस केल्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशीं आमच्या मंगळवेढ्याच्या घरीं अशा सहा वस्तु आल्या. वरील मथळा वाचून हें मासिक खालीं ठेवावें असें ज्या वाचकांच्या मनांत येईल, त्यांस एवढेंच सांगतों कीं, पेल्यांत जें घालावयाचें त्याची शिफारस मी करीत नाहीं. ती मला करतांही यावयाची नाहीं, कारण त्याची चव मला ठाऊक नाहीं. मी बोलणार तो पेल्याविषयीं.

पेले आणले ते माझ्या पुतण्यानें. हा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन नाशिकच्या बाजूस द्राक्षांपासून वाइन करणाऱ्या एका कारखान्यांत गेलीं चार वर्षें कामास आहे. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधु अण्णा, यांनीं आपली हयात शाळेंत पदार्थविज्ञान शिकविण्यांत घालविली. मुलगा काय करतो असें कोणीं विचारलें तर "फळप्रक्रियेंत आहे," एवढें सांगून ते पाऊसपाण्याच्या गोष्टींकडे वळतात. भांडण झालें आहे असें नाहीं. आमच्या घरांत भांडणें होत नाहींत, विषय बंद होतात.

मुलानें पेटी उघडून सहाही पेले ओळीनें मांडले. वहिनी म्हणाल्या, "किती नाजूक रे! पण हे कशाचे?" त्यानें खरें तें सांगितलें. क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग वहिनींनीं पेले उचलले आणि ओसरीवरच्या कोनाड्यांत नेऊन ठेवले.

त्या कोनाड्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. आमच्या घरांत कांचेचा पहिला पेला आला, तो स्वयंपाकघरांत कधीं गेलाच नाहीं. तांब्यापितळेचें भांडें बाहेरच्या माणसाच्या ओठास लागलें कीं तें विस्तवांतून काढून शुद्ध करावें लागे. कांचेचें एक भांडें वेगळेंच बाहेर ठेवून दिलें म्हणजे ती दगदग वांचे. म्हणून शेतावरचा गडी, लांकडें फोडणारा, गांवांतून निरोप घेऊन येणारा, अशांच्या पाण्यासाठीं व चहासाठीं एक जाड कांचेचा पेला आणि कान तुटलेला एक कप त्या कोनाड्यांत असे. ज्याचा त्यानें तो विसळून पुन्हां तेथेंच ठेवावा असा नेम होता. ही गोष्ट चोखोबांच्या मंगळवेढ्यांतली. मीं ती लहानपणीं रोज पाहिली, आणि तींत कांहीं गैर आहे असें त्या वेळीं मला वाटलें नाहीं, हेंही येथें लिहून ठेवतों. पुढें पेला फुटला, कप कोठें गेला कळलें नाहीं, कोनाडा तेवढा राहिला. वहिनींच्या मनांत खरोखर कांहीं नव्हतें. कोठें ठेवावी हें ज्या वस्तूविषयीं कळत नाहीं, ती त्या तेथें ठेवतात. परंतु पुतण्याला कोनाड्याची हकीकत माहीत होती. त्यानें पाहिलें, आणि कांहीं न बोलतां तो हातपाय धुवावयास गेला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्यांतला एक पेला हातांत घेऊन बसलों. उंची वीतभर. वरचें पात्र सरळ, अरुंद, दोन बोटें जेमतेम आंत जातील एवढेंच. खालीं काडीसारखी दांडी, आणि तिच्या खालीं चपटी वाटोळी बैठक. वजन इतकें हलकें कीं हातांत आहे कीं नाहीं याची शंका यावी. या आकारास इंग्रजींत फ्ल्यूट म्हणजे बासरी म्हणतात. नांव शोभतें खरें. पण पिण्याचें भांडें बासरीसारखें कां असावें?

आपल्या भांड्यांचे आकार पाहिले तर प्रत्येकास कांहीं कारण आहे. तांब्याचा गळा आवळलेला, तो बोटांत धरतां यावा आणि चालतांना पाणी हिंदकळूं नये म्हणून. फुलपात्राचा कांठ फुलासारखा बाहेर वळलेला, तो ओठ न लावतां वरून धार धरणाराची सोय व्हावी म्हणून. पंचपात्री सरळ उभी, कारण तींत पळी बुडावी लागते. भांड्याचा आकार पातळ पदार्थाच्या स्वभावावरून किंवा पिणाराच्या रिवाजावरून ठरतो. शँपेनच्या पेल्याचा इतिहास म्हणजे या दोहोंत चाललेली तीनशें वर्षांची ओढाताण आहे, आणि तिच्यांत कधीं पदार्थ जिंकला, कधीं रिवाज.

आधीं पदार्थाचा स्वभाव पाहूं. फ्रान्सच्या ईशान्येस शँपेन नांवाचा थंड प्रांत आहे. तेथें शरदांत द्राक्षांचा रस आंबूं लागे, आणि आंबणें पुरें होण्यापूर्वींच हिवाळा येऊन तें थांबे. वसंतांत ऊब आली कीं उरलेली साखर पुन्हां आंबूं लागे. आंबण्यानें कार्बन डायऑक्साइड वायु निघतो. पिंपांत असेल तर तो उडून जातो. बूच मारलेल्या बाटलींत तो कोठें जाणार? तो द्रवांतच विरघळून राहतो. आज जी शँपेन करतात तींत हें दुसरें आंबणें मुद्दाम बाटलींतच घडवून आणतात. तयार बाटलींतील दाब सुमारें सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकांतील हवेच्या दाबाच्या दुपटीहून अधिक असतो. पाऊण लिटरच्या बाटलींत सुमारें नऊ ग्रॅम वायु विरघळलेला असतो. तो मोकळा केला तर जवळजवळ पांच लिटर जागा व्यापील.

आतां गंमत अशी कीं, ज्या फेंसासाठीं आज लोक एवढे पैसे मोजतात तो प्रथम दोष समजला जात असे. ओव्हिलेरच्या मठांतील दों पेरिन्यों (1638–1715) या साधूनें शँपेन शोधून काढली अशी आख्यायिका आहे. वस्तुतः मठाच्या तळघराची व्यवस्था पाहणाऱ्या या शहाण्या माणसाची धडपड मद्यांत बुडबुडे येऊं नयेत यासाठींच होती. फेंसाची आवड प्रथम धरली ती इंग्रजांनीं, आणि तीही कोळशाच्या कृपेनें. आरमारासाठीं लांकूड राखून ठेवावें म्हणून 1615 सालीं पहिल्या जेम्स राजानें कांचेच्या भट्ट्यांत लांकूड जाळण्यास बंदी केली. भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले. त्याची आंच प्रखर, म्हणून बाटली जाड व मजबूत होऊं लागली. फ्रान्सहून पिंपांतून आलेलें मद्य लंडनमध्यें या बाटल्यांत भरलें जाई आणि तेथें तें पुन्हां आंबलें तरी बाटली फुटत नसे. मद्यांत साखर घालून तें फेंसाळ करण्याच्या रिवाजाची नोंद ख्रिस्तोफर मेरेट यानें 1662 सालीं रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत आहे. त्या वेळीं पेरिन्यों मठाच्या तळघराचा कारभारी झालाही नव्हता. पुढें 1674 मध्यें जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यानें शिसें घालून केलेल्या कांचेचा एकाधिकार मिळविला. ती स्वच्छ आणि चकचकीत कांच म्हणजेच पुढच्या नाजूक पेल्यांचा कच्चा माल.

फ्रान्सांत 1728 सालीं राजाज्ञा होऊन हें मद्य बाटल्यांतून बाहेरगांवीं पाठविण्याची मुभा मिळाली, आणि 1735 सालीं बाटलीचें वजन व बूच बांधण्याची रीत ठरवून देण्यांत आली. त्याच 1735 सालीं द त्र्वा नांवाच्या चित्रकारानें पंधराव्या लुईच्या भोजनगृहासाठीं एक चित्र काढलें. तें आज शांतिली येथील संग्रहांत आहे. जेवणाऱ्या कांहीं मंडळींच्या माना वर झालेल्या आहेत, कारण बाटलीचें बूच नुकतेंच हवेंत उडालें आहे! या चित्रांतले पेले दांडीचे व खालीं निमुळते होत जाणारे आहेत, आणि त्यांतले कांहीं वाडग्यांत उपडे घातलेले दिसतात. तळाचा गाळ निथळावा म्हणून तसें करीत, असें सांगतात. कारण बाटलींत दुसऱ्यांदा आंबणारें मद्य स्वच्छ राहत नाहीं, त्यांत मेलेल्या किण्वाचा गाळ साचतो.

हा गाळ काढण्याची युक्ति एका विधवेच्या तळघरांत निघाली. क्लिको घराण्यांतील ही बाई 1805 सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, विधवा झाली आणि तिनें पतीचा व्यापार स्वतः हातीं घेतला. बाटल्या तोंडाकडून फळीच्या भोकांत तिरप्या खोंचून ठेवावयाच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवून गाळ बुचापाशीं आणावयाचा, मग बूच काढून तेवढाच गाळ दाबानें बाहेर उडूं द्यावयाचा, ही रीत 1816 च्या सुमारास तिच्याकडे बसली. पहिली भोकें तिनें आपल्या स्वयंपाकघराच्या मेजासच पाडलीं असेंही सांगतात. त्या काळीं आपल्याकडे त्याच वयाच्या विधवेला माजघराच्या कोपऱ्याबाहेर जागा नव्हती. त्या बाईच्या मद्यावर आजही तिच्या नांवाआधीं 'विधवा' हाच फ्रेंच शब्द छापलेला असतो, आणि तो भूषण म्हणून.

मद्य स्वच्छ झालें, आणि येथें रिवाजानें उचल खाल्ली. एकोणिसाव्या शतकांत बासरीसारखा पेला मागें पडून बशीसारखा उथळ, पसरट पेला पुढें आला. त्यास कूप म्हणतात. जुन्या विलायती बोलपटांत नायक-नायिका हातांत धरतात तो हाच. याच्या जन्माविषयीं एक चावट दंतकथा फार प्रसिद्ध आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत् हिच्या अंगाचा सांचा घेऊन हा पेला घडविला, अशी ती कथा. हीच कथा इतर दोन-तीन रूपवतींच्या नांवांवरही खपते, यावरूनच तिची किंमत समजावी. या कथेंत सत्याचा कण इतकाच कीं, रांबुये येथील राणीच्या दुग्धशाळेसाठीं सेव्ह्रच्या चिनी मातीच्या कारखान्यानें 1788 च्या सुमारास तशा आकाराचे वाडगे केले होते. पण ते दुधासाठीं! राणीचा शिरच्छेद 1793 सालीं झाला. बशीच्या आकाराच्या पेल्यांत शँपेन प्यालों, ही 1832 सालींसुद्धां पत्रांत कळविण्यासारखी नवलाई होती. तसें पत्र आपल्या बहिणीला लिहिणारा तरुण डिझरेली पुढें इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. दंतकथेपेक्षां बहिणीला लिहिलेल्या पत्रावर माझा विश्वास अधिक.

कूप लोकप्रिय कां झाला? एक कारण असें कीं त्या काळची शँपेन अतिशय गोड असे. रशियांत जाणाऱ्या मालांत तर लिटरला दोनशें ग्रॅमहून अधिक साखर घालीत. आज सर्वांत अधिक खपणाऱ्या जातींत ती बारा ग्रॅमच्या आंत असते. गोड मद्य जेवणाच्या शेवटीं पक्वान्नाबरोबर घ्यावयाचें, त्यांत केकचा तुकडा बुडवावयाचा, तर पसरट पेला सोयीचा. दुसरें कारण दिखाऊपणाचें. उथळ पेले एकावर एक रचून मनोरा करतां येतो आणि वरून ओतलेला फेंस खालीं पाझरतांना पाहुण्यांचे डोळे दिपतात. तिसरें कारण वाढप्यांस विचारावें, रुंद तोंडाचा पेला घाईंत भरणें सोपें. या सर्व सोयींत सोय पाहिली गेली नाहीं ती एकट्या बुडबुड्याची. पसरट पेल्यांत हवेस उघडा पडणारा पृष्ठभाग मोठा आणि खोली बोटभर. वायु भराभर उडून जातो आणि बुडबुड्यांस वर चढावयास उंचीच मिळत नाहीं. म्हणून कांहीं कारागिरांनीं पोकळ दांडीचे कूप केले, म्हणजे दांडीच्या तळापासून तरी एक माळ वर येतांना दिसावी. पोकळ दांडी आंतून पुसावयाची कशी, हा प्रश्न त्यांनीं घरच्या बायकांस विचारलेला दिसत नाहीं.

शँपेनमधली साखर कमी होत गेली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अरुंद पेला परत आला. आतां तर त्याच्याही पुढचा विचार चालू आहे. शँपेन प्रांतांतील रँस शहराच्या विद्यापीठांत जेरार लिजे-बेलेर नांवाचे शास्त्रज्ञ गेलीं वीस-पंचवीस वर्षें केवळ बुडबुड्यांचा अभ्यास करीत आहेत. हसूं नये, हें काम मोठ्या कसोशीचें आहे. त्यांनीं दाखविलें कीं पेल्यांतील बुडबुडा सामान्यतः कांचेवरच्या ओरखड्यावर जन्मत नाहीं. तो जन्मतो हवेंतून पडलेल्या किंवा पुसतांना फडक्यापासून चिकटलेल्या सुताच्या बारीक तंतूंत. तंतु आंतून पोकळ असतो, त्यांत हवेचा कण अडकलेला असतो. विरघळलेला वायु त्या कणांत शिरतो, बुडबुडा फुगून सुटतो, आणि मागें राहिलेल्या कणावर दुसरा तयार होऊं लागतो. अशी माळ वर चढते. पेला अगदीं निर्मळ केला तर बुडबुडे जवळजवळ येतच नाहींत. म्हणून हल्लीं कांहीं पेल्यांच्या तळाशीं किरणांनीं मुद्दाम बारीक खरबरीतपणा करतात. या संशोधकांनीं उष्णतेच्या अदृश्य किरणांनीं चालणाऱ्या कॅमेऱ्यानें पेल्यावर तरंगणारा वायुही टिपला आहे. उंच अरुंद पेल्याच्या तोंडाशीं तो इतका दाटतो कीं नाकास झोंबतो आणि सुगंध कळत नाहीं. म्हणून जाणते लोक आतां ट्युलिपच्या कळीसारखा, मध्यें थोडा फुगीर व तोंडाशीं आवळलेला पेला पसंत करतात. त्यांचीच दुसरी एक चाचणी 2010 सालीं प्रसिद्ध झाली. पेला तिरपा धरून कडेनें हळू ओतल्यास वायु अधिक टिकतो, असें तींत दिसून आलें.

हें सर्व फ्रान्सचें झालें. पण बंद कांचेंत वायु कोंडण्याची करामत आपणांस काय परकी होती? गोटीच्या सोड्याची बाटली आठवा. ती हायरम कॉड या इंग्रजानें 1872 सालीं काढली. गळ्यांत खांचा, वर रबराचें कडें, आंत एक कांचेची गोटी. बाटली उलटी धरून भरली कीं आंतला दाबच गोटीस कड्यावर रेटून धरतो. बूच नको, तार नको. जत्रेंत अंगठ्यानें गोटी दाबून बाटली फोडणारा सोडावाला आणि त्या द त्र्वाच्या चित्रांतला बूच उडविणारा माणूस, यांत मला फारसा फरक दिसत नाहीं. तसें आपल्याकडे कांच घडविण्याचा उद्योग उभा राहिला तो मुख्यतः दिव्यांसाठीं. पैसा फंडानें 1908 सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना काढला, 1916 सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ आपला कारखाना सुरू केला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला. आमच्या ओसरीच्या खुंटीवर तो वर्षानुवर्षें होता, त्या कोनाड्याच्या थेट वर.

द्राक्षांचा उद्योगही आतां दूरचा राहिलेला नाहीं. 1980 नंतर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवास पायपर-हाइडसिक या फ्रेंच पेढीच्या तांत्रिक साह्यानें शँपेनच्या रीतीनें फेंसाळ वाइन होऊं लागली आणि 'ओमर खय्याम' या नांवानें परदेशीं गेली. ती कंपनी पुढें टिकली नाहीं. 2001 सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखलें, आणि 2013 सालीं शांदों या फ्रेंच पेढीनें नाशिकची फेंसाळ वाइन बाजारांत आणली. आमच्याच सोलापूर जिल्ह्यांत अकलूजकडे फ्रातेल्ली नांवाचे मळे आहेत. या इटालियन शब्दाचा अर्थ 'भाऊ', आणि इटलीचे, दिल्लीचे व अकलूजचे असे तीन ठिकाणचे भाऊ त्यांत भागीदार झाले. शँपेन हें नांव मात्र यांपैकीं कोणी लावूं शकत नाहीं. मंगळवेढ्याबाहेरच्या ज्वारीस जसें मंगळवेढ्याची मालदांडी म्हणतां येणार नाहीं, तसेंच हें. आमच्या ज्वारीसही 2016 सालीं तसें भौगोलिक मानांकन मिळालें आहे. हा दाखला पुतण्याचा, माझा नव्हे. तो त्यानें भाऊबीजेच्या जेवणांत दिला. अण्णा ऐकत होते, पण पानावरून त्यांनीं मान वर केली नाहीं.

त्याच बोलण्यांत तंतूची गोष्ट निघाली आणि मग मात्र अण्णांस राहवलें नाहीं. "बुडबुडा कांचेच्या ओरखड्यावर येतो. पस्तीस वर्षें मीं तेंच शिकवलें," एवढें ते माझ्याकडे पाहून म्हणाले. मुलाकडे पाहून नव्हे. मुलगा गप्प राहिला.

दुपारीं तो निजला असतां मी ओसरीवर आलों तों अण्णा कोनाड्यापुढें उभे! दोन पेले त्यांनीं काढून स्वतः धुतले होते. एक पंचानें आंतून खसखसून पुसला, दुसरा गरम पाण्यानें विसळून नुसता उपडा घातला. मग दुकानांतून आणविलेली सोड्याची बाटली फोडून दोन्ही पेले भरले, आणि उरलेला सोडा वहिनींच्या पसरट वाटींत ओतला. आम्ही दोघे म्हातारे गुडघ्यांवर हात ठेवून पाहत बसलों. पुसलेल्या पेल्यांत दहा-बारा माळा सरळ वर चढत होत्या. न पुसलेल्यांत तीन, त्यांतली एक मधूनच थांबे. वाटींतला सोडा थोड्याच वेळांत निपचीत पडला. अण्णांनीं भिंग आणून एका माळेचें मूळ शोधलें. तेथें पंचाचा एक तंतु होता, पापणीच्या केसाहून बारीक.

"एकट्या उदाहरणावरून नियम ठरत नाहीं," ते म्हणाले आणि पेले बदलून प्रयोग पुन्हां केला. आधीं न पुसलेला होता तो आतां पुसला. फळ तेंच आलें.

मग त्यांनीं माजघराकडे तोंड करून मुलाला हांक मारली. तो डोळे चोळीत आला. पेले पाहून दारांतच थबकला.

"इकडे ये. तुमच्या कारखान्यांत हा वायु मोजतात कसा?"

चार वर्षांत त्याच्या कामाविषयीं त्यांनीं विचारलेला हा पहिला प्रश्न. मुलगा खालीं बसला आणि सांगूं लागला. बुचांतून आंत जाणारी सुई, तिला जोडलेला दाबमापक, बाटलीचें उष्णतामान नोंदून त्यावरून करावयाचा हिशेब. अण्णांनीं मध्यें दोनदां त्याला अडविलें, एकदां हिशेबांतली चूक दाखविली, एकदां स्वतःची चूक कबूल केली. मला त्यांतलें निम्मेंच कळलें. तुम्ही लोक पितांही का, हा प्रश्न मात्र त्यांनीं विचारला नाहीं. पुढें विचारतील कीं नाहीं, मी सांगूं शकत नाहीं.

दिवेलागणीला वहिनी पेले घासावयास न्यावयास आल्या, तेव्हां मुलगा म्हणाला, "आई, साबण लावूं नको हं. साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे टिकत नाहींत. नुसतें गरम पाणी." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ताकाच्या भांड्याचंही तसंच असतं, त्याला वेगळा हात लागतो." धुतलेले पेले त्यांनीं परत कोनाड्यांत नेले नाहींत. स्वयंपाकघरांतल्या फळीवर फुलपात्रांच्या शेजारीं पांच पेले आतां उपडे घातलेले आहेत. सहावा अण्णांच्या मेजावर आहे. त्याच्या तळाशीं कांहीं खरबरीत केलेलें आहे कीं नाहीं याविषयीं बापलेकांचें एकमत झालेलें नाहीं आणि रविवारीं दूरध्वनीवर तेंच चालतें. पुढच्या महिन्यांत सांडशी.